वाडीतली लाईट आणि पाणी: मार्च ते ऑगस्ट २०२५च्या प्रकल्प नोंदी

दापोली तालुक्यातली आमची वाडी. ३१ घरं. एरवी उघडी असतात १९, बाकीची मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्यालाच उघडतात. मी आंबा-काजूवाला, वायरिंगचं ज्ञान घरापुरतं. सोबत आयटीआय केलेला पुतण्या, एक गवंडी आणि श्रमदानाला जो येईल तो. दुसऱ्या कुठल्या वाडीत असं काही करणार असाल तर आमच्या चुका तरी वाचतील, म्हणून वहीतून उतरवून काढतोय.

१६ मार्च, रविवार

शिमग्याला मुंबईकर आले होते, म्हणून पालखी परत देवळात जायच्या आत बैठक उरकली. विषय एकच, पावसाळ्यात लाईट जाते त्याचं काय करायचं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्याकडे एकवीस दिवस अंधार होता. पुढच्या वर्षी तौक्ते आलं तेव्हा सहा दिवस. वादळाचं सोडा, मृगाच्या पहिल्या सरीला दरवर्षी एक-दोन रात्री जातातच. अकरा केव्हीची लाइन जंगलातून येते, फांदी पडते, लाइनमन पावसात चार किलोमीटर चालत फॉल्ट शोधतो. त्याला दोष देऊन काही होत नाही.

ठरलं असं: समाजमंदिरात सोलर आणि बॅटरी बसवायची. दिवे लागतील, मोबाइल चार्ज होतील, कुणाला वाफेचं मशीन लागलं तर चालेल. मुदत ७ जून, म्हणजे मृगाच्या आत. घरटी २,००० प्रमाणे ६२,००० आणि मुंबईच्या मंडळाकडून ५०,०००. एकूण १,१२,०००. पाण्याचा विषय बैठकीत कुणीच काढला नाही, मीही नाही.

६ एप्रिल, रविवार

पॅनेल कुठे लावायचे यावर दोन तास. समाजमंदिराचे पत्रे निसर्गमध्ये उडून शेजारच्या माडावर अडकले होते, तेव्हा छपरावर नको हे सगळ्यांनी धरून ठेवलं. बाजूच्या मोकळ्या जागेत जांभ्या चिऱ्यांचा चौथरा आणि त्यावर लोखंडी अँगल. दिवसभर तिथे बसून सावली पाहिली. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत लख्ख ऊन. वहीत लिहिलं, ‘सावली नाही’. हे वाक्य पुढे महागात पडलं.

गवंड्याने चौथरा पाच दिवसांत उभा केला. अर्थिंगचा खड्डा मात्र तीन दिवस खाऊन गेला. अडीच फुटांखाली कातळ लागला, पहार वाजायची नुसती. शेवटी जागा बदलून विहिरीच्या ओलीकडे खणलं, कोळसा-मीठ भरलं.

२० एप्रिल, रविवार

सामान आलं. ५४० वॅटचे दोन पॅनेल २७,०००. १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या ३१,६०० (बॅटरीवर जीएसटी तेव्हा २८ टक्के होता, ऐकून खजिनदारांनी कपाळाला हात लावला). दीड केव्हीएचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर ८,५००. पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा चार्ज कंट्रोलर २,२००. कंट्रोलर दोन प्रकारचे असतात, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. दुकानदार म्हणाला, ‘छोट्या कामाला पीडब्ल्यूएम पुरतो.’ साडेसात हजार वाचले म्हणून आम्ही खूश.

टेम्पो वाडीच्या वळणावर चढेना. बॅटऱ्या डोक्यावरून आणल्या, एकेक पन्नास किलोच्या वर. ॲसिडची बॅटरी आडवी करायची नाही, हे धापा टाकताना आठवत राहावं लागतं.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

नारळ फोडून सुरू केलं. दिवे लागले, टाळ्या झाल्या. पुतण्या मात्र मीटरकडे बघत उभा. भर दुपारी, आभाळ स्वच्छ, आणि १,०८० वॅटच्या पॅनेलमधून येतात किती? ६७० वॅट.

४ मे, रविवार

चार दिवस चुकीच्या ठिकाणी शोधलं. आधी पॅनेल धुतले. मग सगळे जॉइंट उघडून परत आवळले. मग केबल बारीक असेल म्हणून जाड केबल आणली, १,४०० रुपये. आकडा हलेना.

आज क्लॅम्प मीटर लावून पुतण्याने कागदावर मांडलं. पॅनेल सर्वांत जास्त काम करतो तो ४१ व्होल्टच्या आसपास. पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला सरळ बॅटरीला जोडतो, म्हणजे पॅनेल बॅटरीच्या २६ व्होल्टवर खेचला जातो. अँपिअर २६ येतात ते येतातच, वरचे १५ व्होल्ट वाया. सव्वीस गुणिले सव्वीस, ६७६. बरोबर आमचा आकडा. मोठ्या पॅनेलला २४ व्होल्टच्या बॅटरीवर एमपीपीटीच लागतो, तो वरचे व्होल्ट वाया जाऊ देत नाही. ९,८०० रुपये. जुना कंट्रोलर दुकानदाराने परत घेतला नाही, तो कपाटात आहे, कुणाला जुन्या छोट्या पॅनेलसाठी हवा असेल तर घेऊन जा.

११ मे, रविवार

नवा कंट्रोलर बसला, दुपारी ९८० वॅटपर्यंत गेलं. सकाळी मात्र साडेनऊपर्यंत शंभरही नाहीत. बघतो तर ईशान्येच्या फणसाची सावली दोन्ही पॅनेलवर. एप्रिलच्या सुरुवातीला ही सावली नव्हती!

साडेबाराच्या सुमारास चौथऱ्यावरच्या लोखंडी खांबाला सावलीच नव्हती. शून्य सावलीचे दिवस आपल्याकडे याच आठवड्यात येतात. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: इथून ऑगस्ट उजाडेपर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या थोडा उत्तरेला असणार, आणि उगवणार पूर्वेच्या बराच डावीकडे, थेट फणसामागून. मी पाहणी केली ती सूर्य जवळपास नेमका पूर्वेला उगवत होता तेव्हा. जो पावसाळ्यासाठी सोलर लावतोय त्याने पाहणी मे अखेरीच्या सूर्याची करायला हवी. तेवढं थांबायला वेळ नसेल तर मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप्स असतात, ती तरी बघा. मी पाहिली नव्हती.

पॅनेलला दक्षिणेकडे १८ अंशांचा उतार दिला होता, सगळे देतात म्हणून. तो कमी करून पाच-सहा अंशांवर आणला. अगदी सपाट केला नाही, पावसाने धूळ वाहून गेली पाहिजे. फणस मुंबईच्या भावकीचा. फोनवर पाऊण तास बोलणी झाली, दोन फांद्यांना परवानगी मिळाली. बदल्यात त्यांचे फणस उतरवून एसटीने पाठवायचे.

२१ ते २६ मे

आमची मुदत ७ जूनची होती. पाऊस कुणाची मुदत बघत नाही.

२१ तारखेच्या संध्याकाळी विजांसह आला. आठ वीसला लाईट गेली. चिनी मातीचे इन्सुलेटर उन्हाळाभर तापलेले असतात, त्यावर पहिलं गार पाणी पडलं की तडकतात. तडा डोळ्यांना दिसत नाही, पण करंट त्यातून खांबात उतरतो आणि सबस्टेशनचा ब्रेकर उडतो. खांबागणिक बघत जायचं एवढाच इलाज. वाडीची दोन पोरं टॉर्च घेऊन लाइनमनसोबत गेली. सकाळी सव्वादहाला लाईट आली.

त्या रात्री आमची यंत्रणा पहिल्यांदा वापरात. २७ घरं उघडी, सुट्टीची माणसं धरून सव्वाशे. ४७ मोबाइल. दिवे. आणि मी जेवायला गेलो असताना कुणीतरी टीव्ही जोडला, कारण मुंबई-दिल्ली मॅच होती. पाऊस वाढला की डिशचं सिग्नल जायचं, थांबला की यायचं, त्या आशेवर टीव्ही रात्री साडेअकरापर्यंत चालू. मुंबई जिंकली. सकाळी बॅटरी २३.६ व्होल्ट, म्हणजे चार्ज निम्म्याच्या खाली. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. टीव्हीचं सॉकेट काढून टाकलं.

खरी परीक्षा २३ला दिवेलागणीला सुरू झाली. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र वाढत गेलं होतं. २४ला त्याचं डिप्रेशन (वादळाच्या खालची पायरी) झालं आणि दुपारी ते रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्येच किनाऱ्यावर चढलं. २५ला मान्सून कोकणात पोहोचल्याचं जाहीर झालं, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. आम्हाला जाहीर करायची गरज नव्हती. तीन खांब आडवे, एक ऐन लाइनवर.

पहिल्या रात्री सगळं छान. दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल टॉवरच बंद पडला, त्याचीही बॅटरी संपली. आता समाजमंदिरात ओळीने चाळीस मोबाइल शंभर टक्के भरलेले, आणि एकालाही रेंज नाही. एक लाख रुपयांत आम्ही चाळीस टॉर्च तयार केल्या होत्या.

त्याच संध्याकाळी नळाला पाणी नाही. नळयोजनेची विहीर खाली नदीकाठी, मोटर पाच एचपी थ्री फेज, टाकी दहा हजार लिटरची. सव्वाशे माणसांना एक दिवस. अंगणात पाऊस कोसळतोय, पागोळ्यांखाली हंडे-पातेली मांडलीत, आणि संडासात ओतायला पाणी नाही. लाईट आली ती २६ला संध्याकाळी पाचला. तीन दिवसांत अंधाराबद्दल मला कुणी बोललं नाही. पाण्याबद्दल प्रत्येक जण बोलला.

आणखी एक. दुसऱ्या रात्री दोघे बांबू घेऊन ट्रान्सफॉर्मरचा डीओ (खांबावरचा फ्यूज) बसवायला निघाले होते. अडवलं. ओला बांबू आणि अकरा हजार व्होल्ट. कुणी भाड्याचा जनरेटर आणून घराच्या प्लगमध्ये उलटा करंट द्यायचंही सुचवलं. तसं केलं तर तो करंट ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढून वर काम करणाऱ्या लाइनमनला मारू शकतो. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) नसेल तर जनरेटर किंवा इन्व्हर्टर घराच्या वायरिंगला जोडायचाच नाही. आमच्याकडे तो पहिल्या दिवसापासून आहे, इतक्या चुकांत ही एक केली नाही.

१ जून, रविवार

मला वाटलं, इन्व्हर्टर आहेच, त्यावर पाणी चढवू. एकाची एक एचपीची मोटर आणली. चालू असताना ती अकराशे वॅट घेते, इन्व्हर्टर दीड केव्हीएचा, हिशेबात बसत होती. बटण दाबलं, मोटर हुंकारली, इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद. पाच वेळा केलं. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते, हे पुतण्या पहिल्या वेळेपासून सांगत होता. ‘काका, आता सहाव्यांदा केलंत तर मी घरी जातो.’ थांबलो.

मोठा इन्व्हर्टर, जास्त बॅटऱ्या, आणखी पॅनेल, असा हिशेब मांडला तर दीड लाख वर. शिवाय २४ तारखेला दिवसभरात दोन्ही पॅनेलनी मिळून जेमतेम पाऊण युनिट दिलं होतं. उन्हात चार युनिट देणारे पॅनेल. पावसाळ्यात मोटर सोलरवर चालवायची म्हणजे जेव्हा ऊन नसतं तेव्हाच ऊन मागायचं.

पलीकडच्या ओटीवर काकी तांदूळ निवडत सगळं ऐकत होत्या. वय ऐंशीच्या पुढे. म्हणाल्या, ‘आम्ही काय पावसात मोटारी लावायचो होय रे मेल्या? पऱ्याचं पाणी पन्हळीनं दारात यायचं.’

पोफळीचं खोड मधोमध चिरून केलेल्या पन्हळी मी लहानपणी पाहिल्यात. वाडीच्या डोक्यावर पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, आहे. लाईट जाते पावसाने, आणि पऱ्या वाहतो तोही पावसानेच. दोन महिने मी वीज वर कशी चढवायची याच्या मागे होतो, पाणी आपण होऊन खाली येत होतं.

८ जून, रविवार

गवंड्याच्या लेव्हल पाइपने टप्प्याटप्प्याने उंची मोजली. पऱ्यावरची कोंड (डोह) समाजमंदिरामागच्या जुन्या सिमेंटच्या टाकीपेक्षा साधारण १८ मीटर वर. ती टाकी जुन्या योजनेतली, दहा हजार लिटरची, वर्षानुवर्षं कोरडी. तिच्यात भाताचा पेंढा भरलेला होता. साफ केली, आतून वॉटरप्रूफ प्लास्टर केलं. सव्वा इंची काळ्या पाइपचे शंभर मीटरचे चार बंडल, २०,८००. लागली ३५० मीटर.

वीस जण श्रमदानाला. पाइप बांधावरून, दगडांना तारेने बांधत दुपारपर्यंत खाली आणली. वरून पाणी सोडलं. खाली टाकीजवळ सगळे तोंड उघडून उभे. फुस्स. थोडी हवा, दोन थेंब, एक बेडूक.

१० जून

पाइप मध्ये एका बांधावरून चढून परत उतरते. त्या उंचवट्यावर हवा अडकते आणि पाणी पुढे सरकत नाही. तिथे टी लावून छोटा कॉक बसवला. कॉक उघडला, हवा सुसाटली, मग पाणी आलं, कॉक बंद. खाली पंधरा लिटरची बादली छत्तीस सेकंदांत भरली. मिनिटाला २५ लिटर. टाकी पावणेसात तासांत. वीज शून्य.

शक्य असेल तर पाइपला उंचवटाच येऊ देऊ नका, वळसा पडला तरी चालेल. आमच्याकडे वळशात दुसऱ्याची जागा होती.

१५ जून, रविवार

रात्री पऱ्या भरून आला. सकाळी पाइपचं वरचं तोंड चाळीस मीटर खाली, करवंदीच्या जाळीत. नुसतं प्रवाहात टाकलेलं होतं, वर एक दगड. आता दोनशे लिटरच्या प्लास्टिक पिंपाला भोकं पाडून आत खडी भरली, तोंडाला मच्छरदाणीची जाळी, आणि पिंप मुख्य प्रवाहात न ठेवता बाजूच्या डबक्यात, कातळात ठोकलेल्या दोन सळ्यांना बांधून. त्यानंतर हललेलं नाही. जाळी मात्र दर दोन दिवसांनी पानांनी भरते. वर कोण जाणार याची पाळी फळ्यावर लिहिली. पहिल्या आठवड्यात चार वेळा मीच गेलो.

पाण्याचं स्पष्ट सांगतो: पऱ्यात वरची गुरं उतरतात, लेप्टो तापाची भीती आहे. हे पाणी धुण्याभांड्याला आणि संडासाला. तरीही हजार लिटरला पाच ग्रॅम या मापाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची) करायला शिकवलं, अर्ध्या तासाने पिवळा रंग आला पाहिजे. पिण्याचं पाणी देवळाच्या विहिरीचं. तिच्यावर रहाट परत बसवला, दोरासकट ३,२००. पोरांना रहाट ओढता येत नव्हता, बादली भिंतीवर आपटून दोन फुटल्या.

६ जुलै, आषाढी एकादशी

हिशेब. सोलरचं काम एकूण १,०४,८००, त्यात स्टँड-चौथरा १४,३०० आणि केबल, एमसीबी, चेंजओव्हर, अर्थिंग मिळून ११,४००. पाण्याचं काम, म्हणजे पाइप, पिंप, कॉक, टाकीची डागडुजी, २७,१५०. रहाट ३,२००. बेरीज १,३५,१५०. तूट २३,१५०. पालखीच्या शिलकीतून उसने घेतले. त्यावर जी चर्चा झाली ती इथे लिहीत नाही.

अँगलला रेड ऑक्साइड मारून ऑइल पेंट दिला होता, तरी वेल्डिंगच्या सांध्यांना तांबेरा आलाच. खारी हवा. गॅल्व्हनाइज्ड अँगल आणि स्टेनलेसचे बोल्ट घ्यायला हवे होते, फरक अडीच-तीन हजारांचा होता. वानरांसाठी वर जाळी करायचं राहिलंय. एक पिल्लू पॅनेलवर घसरगुंडी खेळतं, अजून काच शाबूत आहे.

१९ ऑगस्ट

चार दिवस धो धो. लाईट ३१ तास नव्हती. समाजमंदिरात दिवे चार आणि चार्जिंगला रोज संध्याकाळी दोन तास, वही ठेवून. इन्व्हर्टरचा कटऑफ वर घेतलाय, २३.८ला आपोआप बंद. रात्री दीडला एका मुलाला दम लागला, वाफेचं मशीन वीस मिनिटं चाललं. त्याच्या आजीने सकाळी चहा पाठवला.

पाण्याची टाकी एकदाही रिकामी झाली नाही. नळाला पाणी नाही हे दोन घरांना दुसऱ्या दिवशी कळलं.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. मुंबईकर उद्यापासून येतील, ३१ घरं उघडी, दीडशेच्या वर माणसं. पंधरा-सोळा घरांत गणपतीपुढे रोषणाईच्या माळा लागतील. लाईट गेली तर समाजमंदिरातून एक्स्टेंशन मागायला येतील, त्यांना नाही म्हणायचं काम पुतण्याकडे दिलंय. बॅटऱ्यांना डिस्टिल्ड वॉटर घातलं, टर्मिनलला व्हॅसलीन लावलं. पिंपाची जाळी बदलली. रहाटाचा दोर एका जागी उसवलाय, मंगळवारी बाजारात जाऊन नवा आणायचा.